हरकतींची मुदत संपल्यावर

पुसदच्या कोर्टात वकिली केलेले आणि पुसद नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत ते त्या पदावर होते. गहुलीचा हा माणूस लोकांच्या लक्षात राहिला तो संकरित बियाण्यांमुळे, बहात्तरच्या दुष्काळामुळे आणि रोजगार हमीमुळे. त्यांची जयंती, १ जुलै, राज्यात कृषिदिन म्हणून पाळली जाते. पण त्यांच्या कारकिर्दीतले कायदे एका ओळीत मांडले तर वेगळेच चित्र दिसते. १९६६मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आला. १९६९मध्ये मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमणारा कायदा झाला. १९७०मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली आणि १९७१मध्ये झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकासाचा कायदा झाला. आज राज्यात कुठल्याही शहराच्या जागेवरून वाद पेटला की दोन्ही बाजूंचे वकील यांतलाच एखादा कायदा उघडतात. शेतीचा मुख्यमंत्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या काळात शहरांची कायदेशीर चौकट उभी राहिली, ही बाब सहसा कोणी सांगत नाही.

या चौकटीतला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे १९६६चा नगररचना कायदा. तो ११ जानेवारी १९६७पासून अमलात आला आणि त्याने १९५४च्या मुंबई नगररचना कायद्याची जागा घेतली. पुसदसारख्या नगरपरिषदेच्या गावाला आणि मुंबईसारख्या महानगराला तो सारखाच लागू आहे. कायद्याची रीत अशी. आधी शहरातल्या जमिनीचा सध्या काय वापर होतो त्याचा नकाशा होतो, मग विकास आराखड्याचा मसुदा होतो. बाग, मैदान, शाळा, बाजार, दवाखाना, रस्ता यांसाठी कोणती जागा राखून ठेवायची, ते त्यात रंगवलेले असते. मसुदा झाला की कलम २६नुसार तो प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. त्या ऐकायला कलम २८नुसार नियोजन समिती बसते. त्या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. ज्याने हरकत घेतली त्याला सुनावणीला बोलवावे लागते. मग आराखडा सरकारकडे जातो आणि मंजूर होतो.

सामान्य माणसाला शहराच्या आखणीत बोलण्याचा हक्क देणारी ही दोन कलमे म्हणजे साधी गोष्ट नव्हे. पण त्याच कायद्यात पुढे कलम ३७ आहे. मंजूर आराखड्यात नंतर फेरफार करायचा असेल तर तो या कलमाखाली होतो. आराखड्याचे मूळ स्वरूप बदलणार नाही एवढाच तो असावा, अशी अट आहे. त्यासाठी राजपत्रात नोटीस द्यायची, एक महिन्यात हरकती मागवायच्या, बाधितांना ऐकायचे आणि सरकारकडे पाठवायचे. आराखडा होतो तेव्हा सभा होतात, वर्तमानपत्रे लिहितात, लोक नकाशे पाहायला जातात. फेरफाराच्या वेळी यातले फारसे काही घडत नाही. हे दोन दरवाजे वेगवेगळ्या रुंदीचे आहेत. मुंबईच्या गिरणगावाचे जे झाले ते दुसऱ्या, अरुंद दरवाजातून झाले. कागद ओळीने लावले तर ते स्वच्छ दिसते.

गिरणगाव म्हणजे लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, काळाचौकी, वरळी, लोअर परळ, भायखळा, चिंचपोकळी. कावसजी दावर यांनी १८५४मध्ये ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली, तिथून हा पट्टा वाढत गेला. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस गाळ्यात राहायचा, खाणावळीत जेवायचा आणि पाळी संपली की भजनी मंडळात, व्यायामशाळेत किंवा परळच्या कामगार मैदानावरच्या सभेला जायचा. घर दहा बाय बाराचे असल्यामुळे उरलेले सगळे आयुष्य गॅलरीत, चौकात आणि मैदानात होत असे. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी याच जागांवर उभी राहिली. सार्वजनिक जागा ही तिथे चैन नव्हती, घराचाच उरलेला भाग होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. १९८३मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे, त्या सोपवल्या. खासगी गिरण्या एकेक करून थंडावल्या. २ ऑक्टोबर १९८९ रोजी मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या साथीदारांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती काढली. संपाला सात वर्षे उलटून गेली होती. समितीची पहिली मागणी होती गिरण्या सुरू करण्याची. जमिनीचा प्रश्न नंतर, पण लवकरच आला.

तो आला एका नियमातून. बृहन्मुंबईची विकास नियंत्रण नियमावली २५ मार्च १९९१पासून अमलात आली. तिच्यातला नियम ५८ कापड गिरण्यांच्या जमिनीविषयी आहे. तोवर ही जमीन उद्योगासाठी राखीव होती. नव्या नियमाने आजारी किंवा बंद गिरणीला जमीन विकसित करण्याची मुभा दिली, पण वाटणी करून. गिरणीचे क्षेत्र पाच हेक्टरपर्यंत असेल तर ३३ टक्के महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, २७ टक्के म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, घरांसाठी आणि ४० टक्के मालकाला. पाच ते दहा हेक्टर असेल तर ३३, ३४ आणि ३३. दहा हेक्टरच्या वर ३३, ३७ आणि ३०. गिरणी जेवढी मोठी, तेवढा मालकाचा वाटा कमी आणि घरांचा जास्त. लोकांच्या तोंडी हाच ‘एक तृतीयांशचा नियम’ म्हणून राहिला. शहरात ५८ गिरण्या आणि त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन. एवढी जमीन बेटाच्या ऐन मध्यावर पुन्हा कधी मोकळी होणार नव्हती.

नियम अमलात आल्यावर तीन महिन्यांनी, २५ जून १९९१ रोजी, पुसदचेच सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री झाले. त्यांच्या आणि नंतरच्याही काळात या नियमाखाली वाटणी मात्र फारशी झाली नाही. कारण नियमातच होते. वाटणीचा प्रश्न जमीन मोकळी करून नवे बांधकाम काढले की येत असे. जुनी शेड उभीच ठेवली आणि आतला वापर बदलला, तर महापालिका आणि म्हाडा यांना काही द्यावे लागत नव्हते. लोअर परळच्या फिनिक्स मिलचे उदाहरण त्या काळी गाजले. कामगारांच्या करमणुकीची सोय म्हणून परवानगी मागितली गेली आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिथे बोलिंग अ‍ॅली उघडली. पुढे त्याच आवारात मॉल उभा राहिला. पत्रकार डॅरिल डिमाँटी यांनी २००२च्या त्यांच्या पुस्तकात हा सगळा व्यवहार तपशिलाने नोंदवला आहे.

दरम्यान एक चांगला प्रयत्न झाला होता. १९९६मध्ये राज्य सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. कोरिया या कहाणीत त्याआधीही येऊन गेले होते. १९६५मध्ये कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्याची कल्पना मांडली होती. वसंतराव नाईकांच्या सरकारने ती उचलून सिडको काढली आणि सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात कोरिया तिथे मुख्य वास्तुविशारद होते. सरकारी कचेऱ्या आणि कंपन्या पलीकडे न्यायच्या, म्हणजे बेटावरचा ताण कमी होईल, असा तो हिशेब होता. पण त्याच सरकारच्या काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. एका हाताने पलीकडे बोलावले, दुसऱ्या हाताने इथेच जागा करून दिली. पुढच्या काळात बेटावरच्या जमिनीला जो भाव चढला, त्याचे एक मूळ या दुहेरी धोरणात आहे.

कोरिया गटाला खासगी गिरण्यांनी आत येऊ दिले नाही, त्यामुळे अहवाल एनटीसीच्या गिरण्यांपुरता राहिला. त्याचा गाभा सोपा होता. प्रत्येक गिरणीचे तीन तुकडे न करता शेजारशेजारच्या गिरण्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, म्हणजे मैदान सलग मिळेल, रस्ते जोडता येतील आणि घरे एका ठिकाणी बांधता येतील. हा आराखडा अमलात आला नाही.

२० मार्च २००१ रोजी नियम ५८ बदलला. विलासराव देशमुख मुख्यमंत्री होते. बदल झाला तो १९६६च्या कायद्यातल्या कलम ३७च्या अधिकारात. सरकारची बाजू अशी होती की १९९१च्या वाटणीमुळे मालक पुढेच येत नाहीत, गिरण्या सडत पडतात आणि कामगारांची देणी थकतात. त्याच अधिसूचनेत कामगारांच्या देण्यांची आणि घरांची तरतूद होती, हे नमूद केले पाहिजे. संघर्ष समितीने दहा-बारा वर्षे मोर्चे, धरणी, उपोषणे केली त्याचे हे फळ होते. पण वाटणीचा पाया मात्र बदलला होता. आता वाटणी होणार होती ती फक्त गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून जी जमीन रिकामी होईल ती मालकाची.

हा बदल किती मोठा होता, हे एका नमुना हिशेबाने पाहू. नऊ हेक्टरची गिरणी धरा. तिच्यात सात हेक्टरवर शेड, चिमणी, गोदाम, कचेरी असे बांधकाम आहे आणि दोन हेक्टर मोकळे. १९९१च्या प्रमाणाने पूर्ण जमीन वाटणीला आली असती तर महापालिकेला २.९७ हेक्टर, म्हाडाला ३.०६ हेक्टर. २००१च्या वाचनाने फक्त दोन हेक्टरची वाटणी. महापालिकेचा ३३ टक्के वाटा झाला ०.६६ हेक्टर. तीन हेक्टरच्या बागेच्या जागी पाऊण हेक्टरही नाही. आणि मुंबईच्या गिरण्या कशा होत्या ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे. सूतखाते, मागखाते, रंगखाते एकमेकांना खेटून, मध्ये जेमतेम गाडी वळेल एवढी जागा. मोकळी जमीन तिथे थोडीच असायची. टक्केवारी तीच ठेवून, ती कशाची मोजायची एवढेच बदलले होते.

२००५मध्ये एनटीसीने पाच गिरण्या लिलावात काढल्या. ज्युपिटर २७६ कोटी, एल्फिन्स्टन ४४१.७५ कोटी, मुंबई टेक्स्टाइल ७०२ कोटी, कोहिनूर क्रमांक ३ ला ४२१ कोटी आणि अपोलो १८० कोटी. एकूण सुमारे २,०२० कोटी. त्याच वर्षी बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. १७ ऑक्टोबर २००५ रोजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी आणि न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला की बांधकाम पाडल्यावर रिकामी होणारी जमीनही वाटणीत धरावी लागेल. पाच महिन्यांनी, ७ मार्च २००६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. २००१चा बदल कायद्याला धरून आहे आणि वाटणी आधीपासून मोकळ्या जमिनीचीच, असे ठरले.

खटल्यात गिरणीमालकांच्या बाजूने एक मुद्दा आवर्जून मांडला गेला तो उशिराचा. बदल २००१मधला, याचिका २००५मधली. मधल्या काळात व्यवहार झाले, पैसे गुंतले, आजारी गिरण्यांच्या पुनर्वसनाच्या योजना मंजूर झाल्या. हा मुद्दा नुसता वकिली म्हणून सोडून देता येत नाही. १९९१ची वाटणी बदलते आहे हे लोकांना खऱ्या अर्थाने कळले ते पाडकाम आणि लिलाव सुरू झाल्यावर. राजपत्रातली नोटीस आणि जेसीबी यांच्यामध्ये चार वर्षे गेली होती.

जमिनीचा वाद असा संपला, वस्तीतल्या माणसांचे काय झाले ते वेगळेच. १९६४मध्ये समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी लंडनच्या इझलिंग्टनसारख्या भागांत पाहिले ते असे की सुखवस्तू वर्ग जुनी घरे विकत घेतो, भाडी वाढतात आणि कामगार कुटुंबे निघून जातात. गिरणगावात तसे झाले नाही. इथे १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने चाळीतल्या भाडेकरूला घट्ट संरक्षण होते, खोलीचे भाडे वाढवून त्याला काढता येत नव्हते. त्याच्या पायाखालून आधी रोजगार गेला, मग मैदान आणि बाजार, मग शेजार. चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी, असली तर पुनर्विकासात त्याला त्याच जागी खोली मिळायची, पण खाली वाहनतळ, शेजारी मनोरा आणि महिन्याचा देखभाल खर्च निवृत्त कामगाराच्या आवाक्याबाहेर. माणूस जागेवर राहिला तरी गाव राहिले नाही, असा प्रकार. नियम ५८च्या वाटणीचा अर्थ इथे कळतो. ती नुसती जमीन नव्हती, या लोकांना एकत्र धरणारी मोकळी जागा त्यातून यायची होती. ती जागा न मिळाल्याची किंमतही मोजावी लागली. गिरण्यांच्या पाळ्यांसाठी बांधलेल्या अरुंद रस्त्यांवर आणि जिन्यांवर कचेऱ्यांची गर्दी आली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या पहाटे, कमला मिलच्या आवारातल्या पबच्या आगीत १४.

तरीही गिरणगावातल्या आवाजांनी काहीच मिळवले नाही असे कागद सांगत नाहीत. घरांची तरतूद त्यांनी मिळवली. २८ जून २०१२ रोजी म्हाडाची पहिली सोडत निघाली, ६,९२५ घरांची. घर २२५ चौरस फुटांचे, किंमत साडेसात लाख. मग २०१६मध्ये मुंबईतली २,६३४ आणि पनवेलजवळच्या कोन इथली २,४१७. १ मार्च २०२० रोजी बॉम्बे डाइंग, स्प्रिंग मिल आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४. बेरीज १५,८७०. अर्ज मात्र सुमारे पावणेदोन लाख. गिरण्यांच्या जमिनीत म्हाडाच्या वाट्याला थोडीच जागा आली, म्हणून उरलेल्यांना आता शेलू आणि वांगणीला घरे देऊ केली आहेत. ९ जुलै २०२५ रोजी हे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले ते मुंबईतच घर हवे म्हणून.

या घरासाठी पात्र ठरायचे तर माणूस १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असायला हवा आणि तसा पुरावा हवा. पुरावे कोणते, तर गिरणीचे ओळखपत्र, तिकीट क्रमांक, लाल पास, हजेरीपत्रक, पगाराची पावती, ईएसआयसीचा किंवा भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक. संप फसल्यावर गावी निघून गेलेल्या कामगाराच्या पत्र्याच्या ट्रंकेत यांपैकी एक चिठोरे तीस वर्षे शाबूत राहिले तर त्याच्या मुलाला हक्क, वाळवीने खाल्ले तर नाही. मालकाचे सगळे कागद मात्र नगर भूमापन कचेरीत, महापालिकेत आणि न्यायालयात सुखरूप. समितीच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या कामाचा मोठा भाग मोर्चा हा नव्हता, असे कागद शोधून, जुळवून अर्ज भरून देणे हा होता.

दादरच्या इंदू मिलचा मार्ग वेगळा. चैत्यभूमीजवळची ही एनटीसीची गिरणी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी तिची जागा मिळावी अशी मागणी होती. ६ डिसेंबर २०११ रोजी, महापरिनिर्वाणदिनी, कार्यकर्ते थेट आवारात शिरले आणि ठाण मांडून बसले. पुढच्या वर्षी केंद्राने जमीन स्मारकाला देण्याचे जाहीर केले आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी पायाभरणी झाली. सुमारे बारा एकरांची ती अख्खी जमीन सार्वजनिक झाली. त्यासाठी कामी आली ती हरकती-सुनावणीची वाट नव्हे, तर लाखोंच्या गर्दीची ताकद. ज्यांच्याकडे ती ताकद नव्हती त्यांना राजपत्र वाचण्यावाचून दुसरा उपाय नव्हता.

गिरणगावातून मुंबई काही शिकली का? २०३४च्या आराखड्याचा पहिला मसुदा २०१५मध्ये आला तेव्हा वस्त्या, संस्था, मच्छीमार, पर्यावरणवाले सगळे तुटून पडले. चुका इतक्या निघाल्या की एप्रिल २०१५मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो रद्द करून नव्याने करायला सांगितले. २०१६च्या सुधारित मसुद्यावर ८० हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. आराखडा २०१८मध्ये मंजूर झाला. रुंद दरवाजा लोकांनी पुरेपूर वापरला, हे खरेच. गिरण्यांचा नियम मात्र नव्या नियमावलीत नियम ३५ म्हणून, वाटणीच्या २००१च्या पायावरच पुढे चालू राहिला.

पुसद नगरपरिषदेच्या हद्दीत गिरणी नाही आणि सहाशे एकरही नाहीत. पण कायदा तोच आहे, आणि छोट्या गावात त्याचे आणखी एक कलम जास्त चालते, ते १२७. बाग, मैदान किंवा बाजारासाठी राखलेली जागा नगरपरिषदेने आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. आता नोटिशीनंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण संपते. नगरपरिषदांकडे जमीन घ्यायला पैसा नसतो, त्यामुळे गावाने नकाशावर हिरव्या रंगात पाहिलेले मैदान एका नोटिशीने निकाली निघू शकते. कोणी हरकत घेतली नाही म्हणून नव्हे, तर आराखड्यावर हरकत घ्यायची वेळ मंजुरीआधीच संपते आणि निर्णय त्यानंतरची वीस वर्षे होत राहतात म्हणून. शहराच्या कारभारात लोकांचे म्हणणे कुठे पोचते हे पाहायचे असेल तर आराखड्याच्या सुनावणीला किती माणसे आली हे मोजून भागत नाही. मंजुरीनंतर निघालेली कलम ३७ची प्रत्येक अधिसूचना आणि कलम १२७ची प्रत्येक नोटीस कोणी वाचली, कधी वाचली, आणि कलम ३७ची महिन्याची मुदत संपण्याआधी लेखी हरकत दिली का, हे पाहावे लागते. गिरणगावाला चार वर्षांचा उशीर झाला. नगरपरिषदेच्या गावात एवढी सवलतही मिळायची नाही, कारण तिथे जनहित याचिका लढायला कुठली मोठी संस्था येणार नाही.